पाटीच्या डोळ्यावर टिकली

“मॅडम, पाटीने शब्द बदललेच नाहीत, तर उतारा कसा दिसतो?”

‘हिंमत असेल तर विचार,’ असं मैत्रिणींनी डिवचलं म्हणून शाल्मलीने भर वर्गात विचारून टाकलं.

वाचनपाटीच्या पडद्यावरचा बारीक डोळा मुलांच्या नजरेवर असायचा. नजर कुठे अडखळली, की तिथे लगेच सोपा शब्द यायचा. त्यामुळे उताऱ्याखालच्या प्रश्नांत अख्ख्या नववीला दहापैकी दहा!

“तुला झेपायचा नाही तो, बाळा,” मॅडम हसल्या.

झालं! शाल्मलीने कपाळावरची टिकली काढून पाटीच्या डोळ्यावर चिकटवली. कालचाच वारुळाचा उतारा, पण आज त्यात ‘झरोका’, ‘आर्द्रता’, ‘वायुवीजन’ ठाण मांडून बसले होते. ते हटेनात, तीही हटेना. चौथ्यांदा वाचताना तिला कळलं, की वाळवी भिंतीत झरोके ठेवते आणि आत हवा खेळवते. काल पाटीने सांगितलं होतं, ‘किडे मातीचं घर बांधतात.’ बस्स, एवढंच.

“दहापैकी तीन?” संध्याकाळी बाबा कडाडले. “अगं, वर्ष जाईल!”

“जाऊ दे. पण हे तीन माझे आहेत, बाबा. आणि आई, उद्या तुझ्या टिकल्यांचं अख्खं पाकीट नेणार आहे मी. वर्गात चाळीस पाट्या आहेत.”