मडकं कुणी धरायचं

विस्तवाच्या मडक्याची दोरी दोघांनी एकदमच धरली. एकही सोडेना.

"सोड मष्ण्या, मी थोरला हाय," नागेंद्र म्हणाला.

"थोरला आसशील तिकडं बेळगावात, तुझ्या खासबागेतल्या घरात. आप्पांचं रान मी कसलंय. मडकं मी धरणार."

अंगणात तिरडी बांधून तयार होती. तिरडीवर भरमू, या दोघा चुलतभावांचा चुलता; दोघंही त्याला आप्पाच म्हणायचे. त्याला मूलबाळ नव्हतं. आणि निपुत्रिक माणसाचं मडकं जो धरतो, रान त्याचं, असं कंग्राळी गावात अजून धरून चालतात. कायदा काय म्हणतो ते कोण विचारतंय! त्यात भरमूचं रान रस्त्याला लागून. बेळगावचे प्लॉटवाले रोज चकरा मारायचे. मग काय, मयत राहिलं बाजूला आणि पुतण्यांची ओढाओढ सुरू झाली.

भरमूची बायको शालूबाई उंबऱ्यात बसून बघत होती. नागेंद्रच्या शाळेचा डबा तिनंच भरला होता, मष्णूच्या तापात तिनंच रात्री जागून काढल्या होत्या. आता या दोघांशिवाय तिला कुणी नव्हतं. त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी दारात तिचं म्हातारपण जायचं होतं, आणि त्याचीच तिला धास्ती वाटत होती.

ती उठली. पदर सावरून पुढं आली.

"भांडू नकासा. त्येनी मृत्युपत्र केलंया. रान समदं देवळाच्या ट्रस्टला लिवून दिलंया."

नागेंद्रनं दोरी सोडली, रुमालानं हात पुसले.

"काकी, माझ्या ध्यानातच नव्हतं बघा," तो म्हणाला. "सौम्याला दिवस गेलेत. बायकू पोटुशी आसताना मडकं धरत न्हाईत."

मष्णूलाही एकाएकी रीत आठवली. "माझा बा जिता हाय की. बाप जिता आसताना मी कसा धरू?" त्यानं मडकं हळूच खाली टेकवलं. बाप बिचारा कैक वर्षं अंथरुणाला खिळलेला. आज तेवढा त्याच्या कामाला आला.

जमलेले लोक एकमेकांकडे बघत राहिले. ऊन चढत चाललं होतं. शेवटी शालूबाईनंच वाकून दोरी उचलली आणि ती तिरडीच्या पुढं चालू लागली. बाईमाणसानं स्मशानात जाऊ नये, असं एकदोघं पुटपुटले. हात पुढं करायला मात्र कुणी आलं नाही.

संध्याकाळी शेजारची अक्काताई पिठलं-भाकरी घेऊन आली. नागेंद्र आणि मष्णू केव्हाच आपापल्या घरी निघून गेले होते. शालूबाई ओल्या केसांनी भिंतीला टेकून बसली होती.

अक्काताईला राहवलं नाही. "भरमूदादानं तुझा तरी इचार करायचा हुता की गं. समदं ट्रस्टला दिऊन तुला काय ठेवलं? आण बघू ते मृत्युपत्र, वकिलाला दावू."

शालूबाईला रडू कोसळलं, दिवसभरात पहिल्यांदा.

"कसलं मृत्युपत्र, अक्का! त्येनी एक वळ लिवली न्हाय. मला वाटलं हुतं, दोघांतला एक तरी धरंल."