आतून ठोकलेला पत्रा

तुम्ही आम्हाला फसवलंत, साहेब. युद्धकाळातली डबलडेकर बस दुरुस्तीला डोंबिवलीत आमच्या शेडमध्ये आणून टाकलीत, पण जिन्याच्या तोंडावरचा पत्रा वरच्या मजल्याच्या आतून ठोकलाय, हे बोलला नाहीत. खिळ्यांची टोकं आमच्याकडे होती.

आम्ही तो कापला. ब्लॅकआऊटसाठी काचांना फासलेला काळा रंग खरवडायला माझा भाऊ नयन वर गेला. इंजिन नसलेल्या गाडीत निघायची डबल बेल वाजली.

"कंडक्टर झालास का रे?" मी खालून विचारलं.

"मी नाय वाजवली, दादा. मागच्या सीटवरचे काका वाजवतायत. तूच पाठवलंस ना त्यांना?"

मी धावलो. कापलेला पत्रा पुन्हा जागेवर होता, टोकं माझ्याकडे.

वरून अजून खरवडल्याचा आवाज येतोय. तो एकट्या नयनचा नाही. आमच्याआधी किती जणांना वर पाठवलंत? उत्तर द्या.