चुन्याखालचं लग्न

भिंत पांढरीशुभ्र होती आणि तिथंच मैनाबाईचं घोडं अडलं होतं.

"मावशी, इथं तर काहीच लिहिलेलं नाही," महापालिकेच्या घरकुल विभागाचे गजेंद्र साहेब म्हणाले. त्यांच्या हातात पंचनाम्याचा कागद होता आणि शर्ट मे महिन्याच्या घामानं भिजला होता. "तुमचं रेशनकार्ड बाराचं, मीटर चौदाचं. जागेचा पट्टा पाहिजे तर दोन हजार अकराच्या आधीपासून इथं राहता, हे दिसलं पाहिजे. पट्टा नाही तर घरकुलही नाही."

"लिहेल होतं, साहेब. पोरीच्या लग्नाचं, तारखेसकट. काल मीच त्याच्यावर चुना मारला."

"का बरं?" साहेबांनी विचारलं.

"तुमी येनार म्हून."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर नवरा-नवरीची नावं रंगवायची आणि मग ती तशीच राहू द्यायची, ही वऱ्हाडाची जुनी हौस. शकुन लग्न होऊन तेल्हाऱ्याला गेली, तरी मैनाबाईनं दर दिवाळीला चुन्याचा कुंचा त्या नावांच्या कडेकडेनं फिरवला. लेकीच्या नावावर तो फिरवायला हात धजत नव्हता. पण परवा समोरच्या कौशल्येनं बातमी आणली की साहेब घराचा फोटो काढतात. घरी पाहुणा येणार म्हटल्यावर बाया स्वस्थ बसतात थोड्याच? बंद सूतगिरणीमागच्या त्या अख्ख्या गल्लीनं एका दिवसात भिंती उजळल्या. बारा वर्षांपूर्वी तिवशाकडची कपाशी बुडाली तेव्हा ही माणसं अमरावतीला आली होती. पोटामागे धावताना कागद जमवायचे राहून गेले. दारावरची लग्नं तेवढी शाबूत होती, तीही त्यांनी आपल्याच हातानं झाकली. पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर तो असा, चांगला धुऊन-पुसून.

मैनाबाई आत गेली आणि खुरपं घेऊन आली. घर हातचं जात होतं आणि तिला रडूही येत नव्हतं.

"थांब मैनाबाई. खुरप्यानं रंग निंगून जाईन." गल्लीच्या तोंडाशी दुकानांच्या पाट्या रंगवणारे जैनुद्दीनभाई गर्दीतून पुढे आले. गल्लीतल्या सगळ्या लग्नांची नावं त्यांनीच रंगवली होती. "ओलं पोतं आन."

"गेरूच तो, भाई. पान्यानं राहीन का?"

"गेरू तू सांगतला होता. म्या ऑइल पेंट मारला. पोरीचं नाव पह्यल्याच पान्यात वाहून जाऊ देऊ का? त्याच्यावर कालचा चुना काय धरते?"

नऊ वर्षं मैनाबाई समजत होती की ती नावं देवानं टिकवली. तिनं पोतं बुडवलं आणि भिंतीला भिडली. पांढरं पाणी कोपरापर्यंत ओघळलं. आधी 'शकुन' वर आली, मग नवरदेव, मग तेल्हारा, मग तारीख. तीन मे दोन हजार नऊ. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'पेंटर जैनुद्दीन'.

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. साहेबांनी वाजवल्या नाहीत.

"मावशी, मला तुम्हाला खोटं पाडायचं नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "पण अशी तारीख परवाही लिहिता येते. वर विचारतील, तर काय सांगू?"

टाळ्या थांबल्या. मैनाबाईनं भिंतीकडे पाहिलं. नऊ दिवाळ्या ती याच कडेनं कुंचा फिरवत आली होती, आणि ती कड तिच्या हाताला डोळे मिटूनही ठाऊक होती.

"साहेब, इथं बोट फिरवून पाहा."

साहेबांनी बोट फिरवलं. नावं भिंतीच्या आत बसली होती. भोवतीचा चुना दरवर्षी चढत गेला होता आणि त्याची चांगली जाड कड झाली होती. मैनाबाईनं त्या कडेचा एक तुकडा नखानं उचकटला आणि साहेबांच्या तळहातावर ठेवला.

"हे मोजा. एक दिवाळी, एक थर."

साहेबांनी चष्मा वर केला. ते पापुद्रे मोजू लागले.

"हा निळा का आहे?"

"त्या साली नीळ जास्त पडली. कौशल्या हासली होती मले."

"अजून हासतो," कौशल्या मागून म्हणाली.

"दहा," साहेब म्हणाले. "कालचा सोडला तर नऊ." त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि 'इतर पुरावा' या रकान्यात बराच वेळ लिहीत राहिले. जैनुद्दीनभाईंची पंच म्हणून सही घेतली. मग कागद मैनाबाईपुढे धरला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "इथं काय लिहिलं, वाचा."

मैनाबाईनं अक्षरं जुळवत वाचलं. "पात्र."

तिनं ते पुन्हा वाचलं, या खेपेला मोठ्यानं. आनंद एवढा झाला की तिला पटकन खालीच बसावं लागलं. जैनुद्दीनभाईंनी आपल्या खिशातला रुमाल काढला आणि स्वतःचाच चष्मा पुसत राहिले.

"उठा मावशी, फोटो काढायचा आहे. दारासमोर उभ्या राहा."

ती उठली, पदर सारखा केला आणि भिंतीच्या एका कडेला जाऊन उभी राहिली.

"मधे या ना."

"मधे आली तर शकुन झाकते," मैनाबाई म्हणाली. "भाईचं नावबी येऊ द्या खालचं."

साहेब फोटोसाठी दोन पावलं मागे सरकले आणि कोणाच्या तरी बादलीला अडखळले. वळून पाहतात तो काय, बघे सगळे पांगले होते. गल्लीभर ओली पोती भिंतींवर खसाखसा फिरत होती, पांढरं पाणी नालीला लागलं होतं, आणि कौशल्येच्या दारावर एका नवरदेवाचं नाव कमरेपर्यंत बाहेर आलं होतं.