पैसे नकोत, खुर्ची हवी

"बाई, तुम्हाला नोकरी हवीय की पैसे उकळायचेत?" टॉर्बन कालहोफने विचारलं.

न्यायाधीशबाईंनी त्याला गप्प केलं. पण तो कसला गप्प बसतोय! बापाचा सायकलच्या सुट्या भागांचा कारखाना आयता हाती आलेला, पस्तिशीही उलटलेली नाही, आणि कायदा म्हणजे आपल्याला छळायला काढलेलं खूळ, असा एकूण तोरा.

हिल्ट्रुड वेसलिंग सत्तावन्न वर्षांची. नोकरीला माणसं निवडायचं काम तिने उभी हयात एका कापडगिरणीत केलं. गिरणी बुडाली आणि ती घरी बसली. त्यानंतर तिने अर्ज केला नाही असा कारखाना जर्मनीतल्या त्या बीलेफेल्ड शहरात उरला नव्हता. कालहोफच्या जाहिरातीत ‘आमच्या तरुण, तडफदार टीमसाठी’ असं चक्क छापलेलं. तिने तरीही अर्ज केला. नकार फोनवर आला, खुद्द टॉर्बनच्या तोंडून: इथे सगळी पोरं आहेत, त्यांना आई नकोय. तिचं डोकंच फिरलं. वकीलही न करता ती कामगार न्यायालयात गेली.

न्यायाधीशबाईंनी टॉर्बनला स्पष्ट सांगितलं, की वय बघून माणूस डावलता येत नाही आणि जाहिरातच तुमच्यावर उलटणार. कोर्ट नोकरी द्यायला लावू शकत नाही, पण भरपाई मात्र द्यावी लागेल. तेव्हा आताच मिटवा.

"हिला दिली की उद्या म्हाताऱ्यांची रांग लागेल दारात," टॉर्बन फणकारला.

"मला तुमचे पैसे नकोत," हिल्ट्रुड म्हणाली. "सकाळी उठून कुठेतरी जायचंय मला. घरात कुजतेय मी. खुर्ची द्या."

टॉर्बनचा वकील त्याच्या कानाला लागला. बराच वेळ कुजबूज चालली. मग टॉर्बन त्या दिवशी पहिल्यांदाच हसला. देतो म्हणाला, आणि तेच काम, माणसं निवडायचं. पहिले सहा महिने कारण न देता काढता येईल, पण ती अट तर सगळ्यांनाच असते. हिल्ट्रुड लगेच कबूल झाली.

कोर्टाचा जिना उतरताना तिला रडू फुटलं. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हेच खरं.

सोमवारी ती नवा कोट घालून कामावर गेली. "आजी, लिफ्ट तिकडे आहे," एका पोरीने टोमणा मारला. हिल्ट्रुड मुद्दाम जिन्याने गेली. असल्या टोमण्यांना ती भीक घालणार नव्हती.

टॉर्बनने अर्जांचा गठ्ठा तिच्यापुढे आदळला. वरच्या अर्जावर एका पांढऱ्या केसांच्या गृहस्थाचा फोटो होता. तिने दुसरा उलटला, तिसरा उलटला. सगळे पन्नाशीच्या पुढचे.

"यातले किती घ्यायचेत?"

"एकही नाही. सगळ्यांना नकार. पत्रावर सही तुमची."

"आणि मी नाही केली तर?"

"तर उद्यापासून घरी. कारण मला द्यावं लागत नाही." तो दारापाशी वळला. "वेसलिंगबाई, तुम्हाला उगाच घेतलं वाटलं? सत्तावन्न वर्षांच्या बाईने नाकारल्यावर ‘वयामुळे डावललं’ म्हणत कोर्टात कोण जाणार?"

जेवणाच्या सुट्टीपर्यंत हिल्ट्रुडने अर्धा गठ्ठा संपवला.