सुकटीचं पाणी

मे महिन्यात पोशेऱ्यात पाणी वाया घालवत नाहीत. सुकट धुतलेलं खारट पाणीसुद्धा वेणू भुऱ्या कुत्र्याच्या थाळीत ओतायची, तोही मिटक्या मारत प्यायचा. तो तांबडं मुतू लागला, तशी तिने त्याला जीपने मोखाड्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, "मूत्राशयात खडे झालेत. खारट बंद. साधं पाणी भरपूर पाजा. लघवी अडली तर वाचायचा नाही." परतताच वेणूने थाळी राखेने घासून विहिरीवरून आणलेल्या हंड्यातलं पाणी ओतलं. "माणसांना घोट नाय, नि कुत्र्याला थाळी भरून!" सासू करवादली. भुऱ्याने हुंगून तोंड फिरवलं. "पी रं, खारटाची सवय मीच लावली तुला," वेणूने विनवलं. शेवटी सासूनेच आपल्या वाट्याची पेज पुढे सरकवली. "मीठ नाय घातलं." पेज पिऊन भुऱ्याने बराच वेळ तंगडी वर धरली. खालची माती कोरडीच राहिली.