जिभेखालचे थेंब

झोप न येणाऱ्या म्हाताऱ्यांवर दवाखान्यात भांगेच्या अर्काचे थेंब तपासणार होते. “असलं द्रव्य शरीर स्वतःच बनवतं, आजी. म्हातारपणी बहुधा कमी पडतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला घेतलं, ह्यांना मात्र ऐंशी उलटल्यानं वगळलं. पण रात्रभर घरात येरझारा घालायचे हेच! म्हणून माझे थेंब रोज ह्यांच्याच जिभेखाली सोडले. हे चक्क घोरू लागले. माझ्या झोपेच्या वहीत बिनधास्त लिहिलं: सात तास, गाढ. प्रत्यक्षात मी शेजारी टक्क जागी असायचे. महिन्याभरानं डॉक्टरीणबाईंनी कोणाच्या बाटलीत काय ते लिहिलेलं बंद पाकीट फोडलं. “आजी, तुमच्या बाटलीत नुसतं तेल होतं!” घरी येऊन मी ह्यांच्यावर उखडले. “मग घोरत कसे होतात?” ह्यांनी मान खाली घातली. “सोंग करायचो, तुला झोप लागावी म्हणून. मी घोरलो की तूही लगेच घोरायचीस. बरं वाटायचं.” आता मान माझी खाली गेली; माझंही घोरणं सोंगच होतं.