पाडव्याची पाच चित्रं

सुहासिनीबाई झोपेतच गेल्या. सकाळी बातमी कळली तसे शेजारी येऊ लागले. त्यातल्या तिघांनी दारातून आधी भिंतीवरच्या चित्रालाच नमस्कार केला.

"वहिनीच बसल्यात असं वाटलं हो," एकजण ओशाळून म्हणाले.

गोपाळकृष्ण मास्तरांनी मान हलवली. "हुबेहूब आहे. चांगलं नाही."

मास्तरांनी शाळेत चाळीस वर्षं चित्रकला शिकवली होती. पाडव्याला बायकोनं ओवाळलं की ते तबकात पैसे टाकत नसत. ओवाळणी म्हणून तिचंच नवं चित्र देत. निवृत्तीनंतरची अशी पाच चित्रं भिंतीवर ओळीनं होती. समोर बसवून काढलेली, केसन् केस खरा.

बाईंचा अभिप्रायही ठरलेला. "हात चांगला आहे. पण रंग मळकट वाटतात."

मास्तर पुढच्या वर्षी महागडे रंग आणत. बाई म्हणत, "यंदा जास्तच मळकट."

पुढे पुढे बाई बोलून थांबेनात. एकदा मास्तरांच्या ब्रश धुवायच्या पेल्यात त्यांनी चहा ओतून दिला. दिवाळीच्या साफसफाईत मास्तरांनी काढलेलं खडकवासल्याचं चित्र धूळ पुसून उलटं टांगलं, पाणी वर नि आभाळ खाली. मास्तरांचा जन्म नारायण पेठेत गेलेला. टोमणा त्यांना समजावून सांगावा लागत नसे. चहा त्यांनी निमूट मोरीत ओतला. चित्र उलटंच राहू दिलं.

तेराव्याला शमशुद्दीन आला. स्वारगेटला दुकानांच्या पाट्या रंगवणारा त्यांचा जुना मित्र. बरोबर सून नसीम होती, येरवड्याच्या एका दवाखान्यात नर्स.

"शमशू, खरं सांग. मी कलावंत की नुसता कारागीर?"

"मास्तर, मी 'येथे पंक्चर काढून मिळेल' लिहितो. मला काय विचारता?"

"तिच्या तोंडून एकदा 'वा' ऐकायचं होतं रे. सगळं गाव हुबेहूब म्हणतं. पण ही एकटीच खरं बोलायची."

"वहिनींची नजर कडक होती."

"तेच तर! तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही."

नसीम मात्र भिंतीपाशीच उभी होती. पहिल्या चित्रापासून पाचव्यापर्यंत गेली. परत पहिल्यापाशी आली.

"काका, काकूंच्या डोळ्यांतल्या बाहुल्या इथे काळ्याभोर आहेत. पुढे राखाडी होत गेल्यात. शेवटच्या चित्रात तर दुधासारख्या. हे तुम्ही मनानं केलंत?"

मास्तर दुखावले. "मनानं? अगं, मी एक ठिपकासुद्धा मनानं देत नाही. समोर जे दिसलं, तेच काढलं."

नसीमनं एकदा उलट्या खडकवासल्याकडे पाहिलं, एकदा सासऱ्यांकडे.

"काका," ती हळूच म्हणाली, "काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं राहून गेलं."